पाठमोरा गडी

जगातला सर्वांत वाईट आणि सर्वांत प्रामाणिक व्हिडिओ गेम खेळणारा माणूस पनवेलच्या खांदा कॉलनीत राहतो, आणि नात्याने ते माझे व्याही लागतात. वाईट अशासाठी, की जो गेम कॉलेजातली पोरं आठवड्याभरात संपवून पुढच्याच्या मागे लागतात, तो आमचे व्याही वर्ष उलटून गेलं तरी खेळतच होते. आणि प्रामाणिक अशासाठी, की आपण प्रत्यक्षात जसे वागलो असतो त्यापेक्षा गेममध्ये तसूभरही वेगळं वागायचं नाही, अशी त्यांनी जणू शपथच घेतली होती. ते मूळचे उरणकडचे कोळी. उभी हयात तांडेल म्हणून बोटीचं सुकाणू धरण्यात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बोट पुतण्याच्या हवाली केली आणि मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये बायकोसह राहायला आले. मुलगा जयेश, म्हणजे माझा जावई, माझ्या लेकीसह पुण्यात असतो आणि व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. मी पनवेलातच एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. गेममधलं मला ओ की ठो कळत नाही. पण दर्यावर आयुष्य काढलेला माणूस टीव्हीसमोर बसून तासन्‌तास करतो तरी काय, या कुतूहलापोटी एका दुपारी त्यांच्याकडे गेलो, आणि मग जातच राहिलो.

गेमची कथा तशी साधी. एक अंतराळवीर अनोळखी ग्रहावर एकटाच पडला आहे. त्याच्या यानाचे तुकडे चहूकडे विखुरले आहेत. ते गोळा करायचे, यान जोडायचं आणि घरी परतायचं. वाटेत खेकड्यांच्या आकाराची यंत्रं अंगावर येतात, त्यांच्याशी दोन हात करायचे. आकाशात दोन चंद्र, खाली जांभळा समुद्र. हा ‘थर्ड पर्सन’ प्रकारचा गेम आहे असं लेकीने मला समजावून सांगितलं होतं. म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांनी आपण बघत नाही, तर त्याच्या जरा मागे राहून त्याला बघतो. सगळा वेळ दिसते ती त्याची पाठ. मला हा मोठाच उणेपणा वाटला. माझ्या वर्गात ज्या मुलांना चेहरा काढता येत नसे, ती माणसं पाठमोरी काढून सुटका करून घेत. तसं मी व्याह्यांना बोलून दाखवलं, तर त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

“व्याही, सुकानावरचा मानूस सगल्यांच्या मागं उबा ऱ्हातो,” ते म्हणाले. “आमी जनमभर पाठीच बगितल्या. तोंड खोटं बोलतं, पाठ नाय बोलत.”

मग त्यांनी मला सांगितलं की कोणता खलाशी घरी भांडून आलाय, कोणाला ताप भरलाय, कोण पुढच्या महिन्यात दुसऱ्या बोटीवर जायचा विचार करतोय, हे सगळं त्यांना पाठीमागून कळायचं. या गेमच्या आधी जयेशने त्यांना एक दुसरा गेम लावून दिला होता. त्यात पडद्यावर नुसते दोन हात आणि एक बंदूक दिसे. व्याह्यांनी तो थोडा वेळ खेळून बंद केला. हे हात कोणाचे आणि बाकीचा माणूस कुठे गेला, हे कोणी सांगेना म्हणून.

त्यांचं खेळणं हा बघण्यासारखा प्रकार होता. गेममध्ये पुढे कुठे जायचं ते दाखवणारा एक पिवळा बाण सतत पडद्यावर तरंगत असे. व्याह्यांना त्या बाणाचा भयंकर राग. सगळं आधीच सांगायचं तर माणसाने बाहेर पडायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बाण उजवीकडे म्हणाला की ते डावीकडे जात आणि डोंगराच्या कुठल्या तरी कपारीत अडकून बसत. यंत्रांना ते चिंबोऱ्या म्हणत. मोठी चिंबोरी आली की नेम धरून मारत, पण लहान दिसली की सोडून देत. लहान चिंबोरी जाळ्यात आली तर परत पाण्यात टाकायची, तिला वाढू द्यायचं, हा त्यांचा जन्मभराचा रिवाज. गेम बनवणाऱ्यांनी मात्र ती लहान यंत्रं टेहळणीसाठी ठेवलेली. सोडलेलं पिल्लू तुरुतुरु जाऊन सगळ्या मोठ्यांना घेऊन येई आणि अंतराळवीर हकनाक मरे. असं कितीदा तरी झालं. मी त्यांना समजावलं, जयेशने फोनवरून समजावलं, पण ते दर वेळी सोडतच राहिले. “वाईट सवय लागंल हाताला,” एवढंच म्हणाले.

एकदा गेलो तर अंतराळवीर जांभळ्या समुद्राच्या काठी नुसता उभा आणि व्याही शेंगदाणे खात बसलेले. समोर पाण्यात यानाचा एक तुकडा रुतला होता. तो होडीला बांधून ओढायचा होता. मी विचारलं, थांबलोय कशासाठी? म्हणाले, भरतीसाठी. ओहोटीला जड वस्तू ओढायला जायचं म्हणजे होडी चिखलात घालायची. आम्ही दोघं मिळून बराच वेळ भरतीची वाट पाहिली. विहीणबाईंनी चहा आणला, कपबशा विसळून ठेवल्या, तरी पाणी बोटभरही हललं नाही. शेवटी व्याह्यांनी मान वर करून आधी त्या दोन चंद्रांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. एवढे पैसे खर्चून दोन-दोन चंद्र टांगले आणि भरती द्यायला विसरले, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी नाइलाजाने त्यांनी तो तुकडा भरतीविनाच ओढला. ओढला गेला सहज, पण त्याचा आनंद त्यांना झाला नाही.

आणि पावसाळा. मासेमारी बंद झाली त्या दिवशी व्याह्यांनी टीव्हीखालचं गेमचं यंत्र पुसलं, खेळायचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माळ्यावर टाकला. नारळी पौर्णिमेपर्यंत बोट बाहेर काढायची नाही, मग ती अंतराळातली का असेना. पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन आले आणि मगच पिशवी उघडली. मधल्या काळात मी दोन-तीनदा, नुसतं बघायचं म्हणून, थोडा वेळ लावू या का असं सुचवलं. त्यांनी मला जेवढं तुटक उत्तर दिलं तेवढं लग्नाच्या बोलणीतसुद्धा दिलं नव्हतं.

हे सगळं गमतीचं खरं. पण या गेममध्ये आमच्या जावयाचा जीव अडकला होता. कारण हा गेम त्याच्याच कंपनीने केला होता, आणि त्यातलं एक काम पूर्णपणे त्याचं होतं. त्या अंतराळवीराची चाल. यंत्रं, आकाश, समुद्र, आवाज ही दुसऱ्यांची कामं. पण तो माणूस चालतो कसा, पाय कसा टाकतो, दमला की खांदा कसा उतरतो, हे जयेशने एकट्याने कित्येक महिने बसून केलेलं. आणि ती चाल त्याने घेतली होती वडिलांची. डावा खांदा किंचित खाली, पाय फाकलेले, प्रत्येक पाऊल टाकताना खालची फळी निसटेल की काय अशी चाचपणी, आणि उजवा हात जरासा मागे, सुकाणू अजून हातातच असल्यासारखा. लहानपणी बोट लागली की जयेश डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बापाच्या मागोमाग बंदरावरून घरी येई. ती पाठ त्याला पाठ होती.

विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. गेम प्रथम लावला तेव्हा त्या हातात कालथा घेऊन स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि हसून हसून दाराशीच बसल्या. जयेशने तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. लेकीने सांगितल्यावर मीही ओळखलं. ओळखलं नाही ते फक्त व्याह्यांनी. उलट, गेममधली त्यांना सर्वांत खटकणारी गोष्ट तीच होती. हा गडी असा वाकडा का चालतो, याला कोणी सरळ चालायला शिकवलं नाही का, बरी माणसं अशी चालतात का, असं त्यांचं रोजचं चालू असे. आम्ही ऐकून खिडकीबाहेर बघायचो. जयेशने आम्हा सर्वांना सक्त ताकीद दिली होती की कोणी बोलायचं नाही. बाबांना स्वतःहून ओळखू आलं नाही तर माझंच काम कच्चं, असं तो म्हणे. मी त्याला सांगून पाहिलं की जगात कोणालाच स्वतःची पाठ ठाऊक नसते, मोठमोठे चित्रकारही आरशात बघून काढतात तो चेहराच. त्याला ते पटलं नाही.

त्यातून आणखी एक भानगड. हा मुलगा बोटीवर न जाता संगणकावर चित्रं हलवायला शिकायला गेला, तेव्हा व्याही रागावले नव्हते, पण बरं केलंस असंही म्हणाले नव्हते. शेवट बघू, एवढंच म्हणाले होते. तांडेल किनारा लागेपर्यंत मासळी किती मिळाली ते बोलत नाही, तसंच हे. गेम पुरा झाल्याशिवाय मत देणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि गेम तर पुरा होण्याचं नाव घेत नव्हता. तिकडे इंटरनेटवर लोक गेमचं कौतुक करत होते, आकाश सुंदर म्हणत होते, लढाया छान म्हणत होते, आणि चालीला नावं ठेवत होते. हिरो प्यायलेला आहे का, असं कोणीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी ते उचलून धरलं. पुढच्या अपडेटमध्ये चाल सरळ करावी असं कंपनीतल्या वरिष्ठांचं मत पडायला लागलं. जयेश एकटाच भांडत होता. फोनवर तो वडिलांना काही विचारत नसे, पण माझ्याकडे चौकशी करी. कुठवर आले? काय म्हणाले? मी त्याला भरतीची गोष्ट सांगे, चिंबोऱ्यांची सांगे. चालीबद्दल काय म्हणाले ते सांगत नसे. मला तो विषय टाळताना फार वाईट वाटे.

आणि मग आमच्या व्याह्यांच्या सोसायटीत मांजरांचं प्रकरण उद्भवलं. पार्किंगच्या मागे रोज सकाळी कोणीतरी मासळीची डोकी टाकतं, त्यामुळे मांजरं गोळा होतात आणि गाड्यांच्या टपावर चढून बसतात, अशी तक्रार होती. कॅमेऱ्यातलं चित्रण बघून माणूस शोधायचा ठरला. व्याही सभेला हौसेने गेले आणि मलाही घेऊन गेले. डोकी टाकणारे अर्थातच तेच होते. पण मांजरांना खायला घालणं ही तक्रार करण्यासारखी गोष्ट असू शकते हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आपण शोधतोय तो कोणी दुसराच, अशा खात्रीने ते पुढच्या खुर्चीवर बसले.

चिटणीसबाईंनी चित्रण लावलं. गेटकडून पार्किंगकडे बघणारा कॅमेरा. त्यात एक माणूस पाठमोरा, हातात पिशवी, पायात मांजरं घोटाळताहेत. डावा खांदा खाली, पाय फाकलेले. सभेतल्या सगळ्यांनी एकदम व्याह्यांकडे पाहिलं. व्याही मात्र खूश होऊन माझ्याकडे वळले.

“व्याही, ह्यो तं आपला गेममदला गडी. ह्यो हितं कसा आला?”

कोणी हसलं नाही. तेवढ्यात पडद्यावरचा माणूस खाली वाकला, पिशवी उलटी केली आणि बाजूला वळला, आणि त्याचा चेहरा दिसला. व्याह्यांनी चिटणीसबाईंना ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्यांनी गुन्हा लगेच कबूल केला, माफी मागितली, उद्यापासून मांजरांना बाहेर नाल्यापलीकडे नेऊन घालीन म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. जिना चढताना ते कठड्याला धरून मध्येच थांबले आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

घरी येऊन त्यांनी गेम लावला. खेळले नाहीत. अंतराळवीराला त्या मोकळ्या किनाऱ्यावर नुसतं चालवत राहिले. थोडं पुढे, वळून परत, पुन्हा पुढे. पिवळा बाण एकीकडे बोलावत होता, गेममधल्या रेडिओवरची बाई प्राणवायू संपत आल्याचं सांगत होती, त्यांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होतो. विहीणबाई कोथिंबीर निवडत होत्या. बऱ्याच वेळाने व्याह्यांनी मान न वळवता त्यांना विचारलं, “मी असा चालतो?”

“लगीन झाल्यापास्नं,” विहीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर मात्र व्याह्यांचा खेळ बदलला. भरतीची वाट बघणं नाही, कपारीत अडकणं नाही. बाण दाखवेल तिकडे ते मुकाट्याने जायला लागले. लहान चिंबोरी आली तर सोडत अजूनही होते, पण सोडल्यावर झपाट्याने तिथून सटकत होते. यान जोडून होत आलं तेव्हा त्यांनी जयेशला फोन केला आणि रविवारी ये म्हणाले. का, ते सांगितलं नाही. सोमवारी कंपनीत त्या चालीचाच निर्णय व्हायचा होता, हे त्यांना माझ्या लेकीने सांगितलेलं होतं.

रविवारी आम्ही सगळे त्यांच्या बैठकीत बसलो होतो. शेवटची लढाई व्याही हरले, पुन्हा हरले आणि मग जिंकले. त्यानंतर गेममध्ये एक सुंदर गोष्ट होते. रिमोटचं काम संपतं. इतका वेळ त्या माणसाच्या मागोमाग फिरणारा कॅमेरा जागच्या जागी थांबतो, आणि तो एकटाच यानाकडे चालत जातो. लांबवर, पाठमोरा, लहान लहान होत. संगीत नाही, काही नाही, नुसती पावलं. हे करणाऱ्यांना काय साधायचं होतं ते मला माहीत नाही, पण आमच्या बैठकीत त्या वेळी कोणी हललं नाही. यान उडालं. पडद्यावर नावं यायला लागली. व्याह्यांनी रिमोट खाली ठेवला आणि गुडघे चोळत बसले.

जयेशने विचारलं, “बाबा, चाल कशी हाय?”

“चाल बरोबर हाय,” व्याही म्हणाले. “पन शेवटाला एकदा तरी त्यानं मागं वलून बगायला पायजे व्हतं. मागून पोर येतंय, त्याच्या डोक्यावर वझं हाय, दमलं आसंल, त्ये त्यानं कंदी बगितलंच नाय. त्ये चुकलं.”

जयेश वडिलांच्या बाजूला जाऊन खाली बसला. लहानपणी बसत असेल तसा, मांडी घालून.

“तुमी मागं बगायची गरज नवती बाबा,” तो म्हणाला. “तुमची पाठ दिसायची तवर मना रस्ता चुकायची भीती नवती.”

मला भरून आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. माझी लेक तर उघडच रडत होती. विहीणबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. व्याह्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, केस विस्कटले, आणि मग विषय बदलायचा म्हणून त्याला भरतीबद्दल खडसावलं. पुढचा गेम केलात तर चंद्र एकच ठेवा पण पाणी हलतं ठेवा, असं बजावलं. जयेशने ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

सोमवारी जयेश कंपनीत भांडला आणि हरला. अपडेट आला. आता जगभर तो अंतराळवीर ताठ मानेने, सरळ पावलं टाकत चालतो, आणि लोक समाधानी आहेत असं म्हणतात. जयेशला मी विचारलं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, वाटलं, पण ज्यांच्यासाठी केलं होतं त्यांनी बघितलं. त्याच सुमारास व्याह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना काठीच्या आधाराने नव्याने चालायला शिकवलं. खांदे सरळ, पावलं जवळ, हात पुढे. हल्ली आम्ही संध्याकाळी कॉलनीत फिरायला जातो तेव्हा ते छान, शिस्तीत चालतात. दुखत नाही म्हणतात. मी मुद्दाम थोडा मागे राहून बघतो. पाठमोरे ते आता कोणीही असू शकतात.

अपडेट येणार असं ऐकल्याबरोबर व्याह्यांनी एक काम केलं होतं. टीव्हीखालच्या यंत्राचं इंटरनेट बंद करून टाकलं, आणि कोणी हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलं. त्यामुळे सगळ्या जगात त्या एका घरात तो गडी अजून जुनाच आहे. गेम संपल्यामुळे व्याह्यांना आता त्यात रस उरलेला नाही. पण दुपारची भांडी आवरून झाली की विहीणबाई पदराला हात पुसत येतात, टीव्हीसमोर बसतात आणि म्हणतात, “जरा चालवा की त्याला.” मग व्याही चष्मा शोधतात, टीव्ही लावतात, आणि चहाची वेळ होईपर्यंत त्याला चालवून आणतात.